मंगळावरची छत्री आणि माझा फाळका

मंगळावर छत्री उघडते, असं त्या पोरानं मला माझ्याच बैठकीत, मीच आणलेली मावा जिलेबी खाता खाता सांगितलं. आता मी काय गप्प बसणार होतो?

पोरगा म्हणजे अनिकेत. घर जळगावला, नोकरी बंगळूरला. आईवडलांना घेऊन आमच्या प्राजक्ताला बघायला आला होता. प्राजक्ता माझी एकुलती एक, इथल्याच शाळेत केमिस्ट्री शिकवते. आणि मी वामन. बुऱ्हाणपुरात उतरून शनवारा चौकात कोणालाही विचारा, 'मंडपवाले वामनभाऊ', घरापर्यंत आणून सोडतील. या गावातल्या निम्म्या लग्नांचे मंडप मी बांधलेत. माझ्या दोन गोष्टी मशहूर आहेत. एक माझी गाठ. मंडपाच्या खांबाला मी मारलेली गाठ आंधी आली तरी सुटत नाही. आणि दुसरी, पाठवणीच्या वेळी मी खांबाला टेकून जे ओरडतो ते. "आटपा हो, रडणं गाडीत करा, मला मंडप सोडायचाय!" लोक रडता रडता हसतात.

तर मी पोराला विचारलं, "काय काम करता?"

"काका, एका खासगी कंपनीत आहे. आमची टीम पॅराशूटच्या चाचण्या घेते. मंगळावर यान उतरवायचं तर जे पॅराशूट लागतं, त्याच्या."

"मंगळावर हवा आहे?"

"आहे ना. पण फार विरळ. आपल्या इथल्या हवेचा शंभरावा हिस्सा समजा."

"मग छत्री भरते कशानं? तुमच्या बोलण्यानं?"

त्याच्या आईनं जिलेबीची बशी खाली ठेवली. पडद्यामागून आमच्या रजनीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, दोनदा खाकरून दाखवलं. मी कसला ऐकतो! कपडा आणि हवा यांच्यात माझी हयात गेली, कोणी मला त्यातलं शिकवायचं म्हणजे डोकंच फिरतं. मी त्याला सरळ सांगितलं, "हे बघा, एकदा इथल्या लालबागला वावटळ आली तेव्हा माझ्या मंडपाचं कापडी छत तीन माणसांसकट वर गेलं होतं. तो वारा! आणि वारा पडला की तेच छत मेल्यासारखं लटकतं. वारा आहे तर कपड्यात जान आहे. जिथं हवाच शंभरातली एक, तिथं कसली छत्री आणि कसलं उतरणं? टीव्हीवर दाखवतात ते सगळं कम्प्युटरचं."

तो काहीतरी वेगाबद्दल बोलायला लागला, पण मी उठलोच. "बरं, कळवतो," म्हणालो. आमच्याकडे मुलीच्या बापानं नुसतं 'कळवतो' म्हटलं की समजून घ्यायचं असतं.

पाहुणे गेले आणि घरात बॉम्ब फुटला.

"पप्पा, तुम्ही त्याला घरी बोलवून झूठा म्हणालात?" प्राजक्ता कमरेवर हात ठेवून उभी. राग माझाच उचललाय तिनं.

"झूठा नाही म्हणालो. पण पहिल्याच भेटीत मंगळापर्यंत फेकतो, तो पुढे काय काय फेकेल?"

"तो फेकत नाहीये! तुम्हाला समजलं नाही म्हणून ते खोटं? मला तो आवडलाय. एकदम आवडलाय. आतापर्यंत आले ते सगळे मला 'स्वयंपाक येतो का' विचारून गेले. यानं विचारलं की मुलांना सगळ्यात अवघड धडा कोणता वाटतो. मी याच्याशीच लग्न करणार, आणि तुम्ही मोडलंत तर पुन्हा कोणासमोर येऊन बसणार नाही. बस."

रजनी कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, "हवेचं काय घेऊन बसलात? पोरगी बंगळूरला जाईल, ते दुखतंय तुम्हाला. तसं म्हणा ना सरळ."

"काहीतरीच बोलू नको!" मी असा ओरडलो की शेजारच्यांनी खिडकी उघडली. रजनी आपली कणीक मळत राहिली.

दुसऱ्या दिवशी प्राजक्तानं त्याला फोन केला, आणि पुढच्या रविवारी तो पठ्ठ्या एकटा आमच्या दारात हजर. होकार नाही, काही नाही, आणि पोरगा एकटा मुलीच्या घरी! समोरच्या ओट्यावरच्या बायका उठून उभ्या राहिल्या. पण खरं सांगतो, मला त्याची हिंमत आवडली. पाया पडला आणि म्हणाला, "काका, तोंडानं नाही सांगत. करून दाखवतो. कपडा तुमचा, गाडी तुमची, जागा तुम्ही ठरवा."

"वारा नसलेल्या दिवशी माझं छत भरून दाखवशील?"

"दाखवतो."

"दाखवलंस तर सुपारी फोडून लग्न पक्कं. नाही दाखवलंस तर पुन्हा बुऱ्हाणपूरचं नाव काढायचं नाही." आणि मी प्राजक्ताकडे वळलो. "मान्य?"

तिचा चेहरा उतरला. एक क्षण तिनं अनिकेतकडे पाहिलं. "मान्य," म्हणाली.

ऑक्टोबरचे दिवस. नवरात्राचे मंडप उतरले होते, लग्नसराईला अजून वेळ होता, म्हणून माझी पिकअप मोकळी होती. त्या दिवशी सकाळपासून अशी उमस की झाडाचं पान हलत नव्हतं. माझ्यासाठी याच्याहून बरा मुहूर्त नव्हता. मी म्हटलं, आत्ताच चला. माझा जुना साथीदार कौतिक, मंडप बांधायला वीसेक वर्षं माझ्याबरोबर आहे, त्याला बोलावलं. देडतलाई गावाच्या रस्त्याला त्याच्या मेहुण्याची केळीची बाग आहे आणि तिथं सडक सरळसोट आहे. शिवाय केळीच्या पानाइतका पक्का साक्षीदार दुसरा नाही. जरा झुळूक आली की ती फाटकी पानं लगेच सळसळतात. पोरगा वाऱ्याचा फायदा घेऊन मला गंडवू शकणार नव्हता.

गोदामात मी छत निवडायला लागलो. अनिकेत म्हणाला, "काका, मधोमध एक भोक पाडावं लागेल."

"भोक? छताला?" माझा पारा चढला. "अरे, आधीच तिथं हवा नाही, त्यात आहे ती पण भोकातून सोडतोस?"

"थोडी सोडावी लागते. नाहीतर छत्री या बाजूनं त्या बाजूला डोलत राहते."

कौतिक हळूच म्हणाला, "वामनभाऊ, ते वरातीच्या फटाक्यानं जळेल छत पडेल आहे ना कोपऱ्यात? त्याले मधीच भोक आहे."

ते जळकं छत पाहून अनिकेत एवढा खूश झाला की मला वाटलं, हा आता त्याला मिठी मारतो. "एक नंबर! ऐसा ही चाहिए था!" बारा फूट बाय बारा फुटांचं छत, लाल-पिवळं. त्यानं कडेनं दोऱ्या बांधल्या, सगळ्या एका जाड दोराला आणून मिळवल्या. तो दोर पिकअपच्या मागच्या फाळक्याला, म्हणजे उघडझाप होणाऱ्या मागच्या पत्र्याला, बांधायचं काम मात्र मी कोणाला करू दिलं नाही. माझी गाठ मारली, ओढून पाहिली आणि म्हटलं, "ही सुटली तर मंडपाचा धंदा बंद करीन."

गाडी कोण चालवणार? प्राजक्ता. सीझनमध्ये ड्रायव्हर दांडी मारतो तेव्हा तीच चालवते. अनिकेत तिच्या शेजारी बसायला निघाला तसा मी त्याची कॉलर धरली. "पुढे नाही. मागे, माझ्या नजरेसमोर." पुढे रजनी बसली. तिला कोणी बोलावलं नव्हतं, पण तिनं पदर खोचला आणि बसलीच. मागे मी, कौतिक आणि अनिकेत. त्यानं आम्हाला केबिनला पाठ लावून बसवलं, दोराच्या मध्ये पाय आणू नका म्हणून दहादा बजावलं. छताची गुंडाळी कौतिकच्या हातात.

तिथं पोचलो. सडक रिकामी. दोन्ही बाजूंना केळी, आणि एक पान हलत असेल तर शपथ. मी खाली उतरून मूठभर धूळ उडवली. सरळ खाली पडली. "बघून घे," मी म्हणालो. "वारा शून्य."

"शून्य," अनिकेत म्हणाला.

पहिल्या खेपेला प्राजक्तानं गाडी बैलगाडीच्या चालीनं काढली. कौतिकनं छत मागे टाकलं. ते सडकेवर पडलं आणि घोंगडीसारखं फरफटत आलं. मी टाळ्या वाजवल्या. "मेलं! पाहिलं? मेलं!" मान वळवली तर केबिनच्या खिडकीतून प्राजक्ताचा चेहरा आरशात दिसला. ओठ दातात धरले होते. मला जिंकायचं होतं, पण तो चेहरा पाहून टाळ्या आपोआप थांबल्या.

"अजून वेग लागेल," अनिकेत म्हणाला.

दुसऱ्या खेपेला गाडी तीसनं. छत जमिनीवरून उचललं, जरासं फुगलं, पुन्हा बसलं. पुन्हा फुगलं. पण मी म्हटलं, "हे काय उघडणं झालं? हे तर मेलेलं मांजर तंगड्या झाडतंय."

अनिकेतच्या कपाळावरून घाम ओघळत होता. त्यानं केबिनवर थाप मारली. "प्राजक्ता, साठ! त्याच्यापुढे नको!"

तिसरी खेप. गाडी मागे घेतली, पार वळणापर्यंत. प्राजक्तानं गियर टाकला आणि पिकअपनं जी झेप घेतली, बाप रे! केळीच्या रांगा सपासप मागे पडायला लागल्या. माझी टोपी गेली. रजनी आतून "अगं हळू, अगं हळू" ओरडत होती. कौतिक डोळे मिटून देवीचा धावा, मोतामाय, मोतामाय करत होता. "सोडा!" अनिकेत किंचाळला आणि कौतिकनं गुंडाळी हवेत फेकली.

फाड्! असा आवाज झाला की मला वाटलं टायर फुटला. आणि मागे पाहतो तर काय! माझं जळकं छत, लाल-पिवळं, टम्म फुगून आकाशात उभं! दोऱ्या अशा ताणलेल्या की वाजत होत्या. मधल्या भोकातून निळं आभाळ दिसत होतं. गाडीला मागून कोणीतरी धरून ओढल्यासारखा हिसका बसला, मी कौतिकवर आणि कौतिक अनिकेतवर. इंजिन कण्हायला लागलं. पण मी त्या छताकडे पाहत नव्हतो. मी केळीकडे पाहत होतो. एकही पान हलत नव्हतं. एकही नाही! वारा नव्हताच. वारा आमच्या पळण्यानं झाला होता. आजवर मी खांबापाशी उभा राहून वाऱ्याची वाट पाहिली, वारा कपड्याकडे येतो एवढंच मला ठाऊक. कपडाच हवेवर धावून जाऊ शकतो, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

"भरलं!" मी ओरडलो. "अरे भरलं! रजनी, बघ, भरलं!" शर्त मी हरत होतो आणि नाचायचा बाकी होतो.

तेवढ्यात कडकड कडाड! माझी गाठ सुटली नाही. दोर तुटला नाही. पिकअपचा फाळकाच बिजागरीसकट उखडला आणि छताबरोबर उडत, आपटत, केळीत घुसला. ओझं सुटल्याबरोबर गाडीनं पुढे उडी मारली आणि आम्ही तिघं पुन्हा एकमेकांवर.

गाडी थांबली. मग कौतिकनं डोळे उघडून मागची रिकामी जागा पाहिली. "भाऊ, फाळका कुठी गेला?"

हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. प्राजक्ता खाली उतरली. मी विचारलं, "साठ सांगितलं होतं ना? किती होती?"

"ऐंशी." ती मान खाली घालून म्हणाली. "पप्पा, साठवर भरलं असतं तरी तुम्ही 'जरा वारा असेल' म्हणाला असतात."

बरोबर होतं पोरीचं. म्हणालोच असतो.

आम्ही केळीत शिरून छत शोधलं. केळीची दोन झाडं आडवी करून फाळका मातीत रुतला होता. मी तिथंच बांधावर बसकण मारली आणि पोराला समोर बसवलं. "आता सांग. इथं हवा पूर्ण आहे. तिथं शंभरावा हिस्सा. त्याचं काय?"

"काका, वेग दुप्पट केला की ओढ चौपट होते. वेग दहापट केला की शंभरपट. यान तिथं इतक्या जोरात येतं की पॅराशूट उघडताना त्याचा वेग आपल्या गाडीच्या पंधरावीस पट असतो. मग हवा शंभरावा हिस्सा असली तरी..."

"तरी फाळका उखडतो!" मी मांडीवर थाप मारली. पण डोकं एकदा सुरू झालं की थांबत नाही माझं. "थांब. छत्रीनं ओढलं की वेग कमी होणार. वेग कमी झाला की ओढ पण कमी होणार. तीसवर आपलं छत कसं लुळं पडत होतं! म्हणजे खाली पोचेपर्यंत छत्रीत दमच उरणार नाही. मग यान उतरतं कसं? आपटणारच!"

अनिकेत माझ्याकडे बघतच राहिला. मग असा हसला की काय सांगू. "काका, आमच्या टीममध्ये नवीन आलेल्या मुलांना हे समजायला महिना जातो. तुमचं एकदम बरोबर आहे. नुसत्या पॅराशूटवर तिथं मोठं यान उतरतच नाही. पॅराशूट फक्त वेग मारतं. शेवटचं अंतर इंजिनाच्या जोरावर."

"म्हणजे मी बरोबर होतो!" मी उठून उभा राहिलो. "ऐकलंस का गं रजनी? मी बरोबर होतो! छत्रीवर नाही उतरत!"

"हो हो, ऐकलं," रजनी म्हणाली. "आता फाळका उचला."

"मग शेवटी त्या छत्रीचं काय करता?" मी अनिकेतला विचारलं.

"सोडून द्यावी लागते. वेळेवर. यान स्वतःच तिच्यातून सुटतं आणि बाजूला होतं. तिनं एवढं सांभाळून आणलेलं असतं, पण तिथून पुढे धरून ठेवली तर तीच वरून पडून यानाला झाकून टाकेल."

मी एकदा प्राजक्ताकडे पाहिलं आणि फाळका उचलायला लागलो. रजनीनं माझ्याकडे पाहिलं आणि फाळक्याचं दुसरं टोक धरलं.

फाळक्याचा दोर सोडायला अनिकेत वाकला. माझ्या गाठीशी झटापट करून त्याची नखं दुखायला लागली. प्राजक्तानं त्याला बाजूला केलं, दोराचं उलटं टोक पकडून एक हिसका दिला. गाठ सुटली. लहान होती तेव्हा सुट्टीत माझ्याबरोबर मंडपावर यायची, तेव्हा शिकवली होती मी. कौतिकला सुद्धा अजून जमत नाही.

त्याच संध्याकाळी जळगावला फोन गेला. दोन दिवसांनी त्याच्या आईवडलांसमोर आमच्या बैठकीत सुपारी फुटली, आणि त्याच्या आईला मी स्वतःच्या हातानं जिलेबी वाढली.

लग्न माघात झालं. मंडप अर्थात माझा. बुऱ्हाणपुरानं तसा मंडप पाहिला नव्हता. आणि मधल्या छताला, बरोबर नवरा-नवरीच्या डोक्यावर, मी एक गोल भोक ठेवलं होतं. पाहुणे विचारायचे, कशाला? मी म्हणायचो, जावयाला विचारा. तो बिचारा हातात अक्षता घेऊन लोकांना मंगळ समजावत होता.

पाठवणीची वेळ झाली. प्राजक्ता गाडीत बसली. रजनी रडत होती, कौतिक रडत होता, त्याच्या तर बहिणीचं पण लग्न नव्हतं. लोक माझ्याकडे बघत होते, वामनभाऊ आता ओरडतात म्हणून. मी खांबापाशी जाऊन उभा राहिलो. तोंड उघडलं, आवाज निघेना. म्हटलं ओरडणं राहू दे, हात तरी कामाला लावू. म्हणून पहिल्या खांबाची गाठ सोडायला घेतली.

ती सुटेना. इकडून ओढली, तिकडून ओढली. माझीच गाठ, मला सुटेना. डोळ्यांपुढं सगळं धूसर झालं होतं. कौतिक पुढे आला, त्याला मी ढकललं. मला कोणाचीच मदत नको होती.

गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. प्राजक्ता शालू सावरत, हिरव्या चुड्याचा किणकिणाट करत माझ्यापाशी आली. माझे दोन्ही हात तिनं दोरावरून बाजूला केले.

"पप्पा, उलटं टोक ओढायचं. तुम्हीच तर शिकवलंत."

तिनं एक हिसका दिला. गाठ सुटली. दोर माझ्या हातात देऊन ती वळली, आणि गाडीत जाऊन बसली.